तुमच्या पानावर मिश्री वाढणार नाही

प्रिय आत्या,

उद्या तुमचं वर्षश्राद्ध आहे, आणि आज तुमच्या लेकीने मला धमकी दिली आहे. "आईला सांगते. सपनात यिऊन तुला जाब इचारंल ती!" म्हटलं, वन्सं तुमच्या कानाला लागायच्या आधी आपणच सांगून टाकावं. म्हणून पल्लवीच्या वहीतली कोरी पानं फाडून लिहायला बसले आहे. दहावीनंतर एवढं लांबलचक काही लिहिलं नाही, तेव्हा अक्षराला हसू नका. तुम्हाला वाचता येत नव्हतं म्हणा, पण तिकडे गेल्यावर तेवढं येत असेल की!

झालं असं. वन्सं सकाळी येडशीहून आल्या. पिशवीतून जिलेबी काढली, फुलं काढली, आणि शेवटी तंबाखूच्या पानांचा पुडा काढून माझ्यापुढे ठेवला. "भाज. आईच्या पानावर मिश्री पायजे. अन् तिला तुज्याच हातची लागती."

मी म्हटलं, "वन्सं, म्या न्हाय भाजणार."

त्यांना वाटलं, चेष्टा करते आहे. मी पुडा उचलला, मागच्या दाराने गेले आणि उकिरड्यात टाकला. वर दोन पाट्या शेण टाकलं. आत्या, हे सगळं मी एका दमात केलं. मधे थांबले असते तर त्या पानांचा वास घेतला असता, आणि वास घेतला असता तर माझं सगळं संपलं असतं!

तेव्हापासून वन्सं आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडल्या आहेत. जेवल्या नाहीत. तुमचे चिरंजीव दाराशी आले, दोघींचे चेहरे बघितले, "तुमचं तुमी बगा" म्हणाले आणि बैलांकडे गेले. त्यांचा स्वभाव तुम्हाला ठाऊकच आहे.

आता तुम्ही म्हणाल, मेलेल्या माणसाच्या आवडीची एक डबी ठेवायला हिचं काय जातं? सांगते काय जातं ते. सगळं सांगते.

लग्न होऊन बेंबळीत आले तेव्हा मी तुम्हाला सासूबाई म्हणाले, आठवतं? तुम्ही म्हणालात, "सासूबाई-बिसूबाई म्हणू नगंस, आत्या म्हण. सासू म्हणलं की मला माजीच सासू आठवती." सगळ्या बाया हसल्या होत्या. मला तेव्हाच तुम्ही आवडलात.

मग पल्लवीच्या वेळी मला दिवस गेले आणि दाढ दुखायला लागली. गाल सुजला. मी चुलीपाशी बसून रडत होते. तुम्ही कनवटीची डबी काढली, चिमूट माझ्या हातावर ठेवली. "दाढ दुखायली व्हय? हे लाव. पैल्यांदा गरगरंल, मग बरं वाटंल." गरगरलं. उलटी झाली. आणि मग खरंच बरं वाटलं! मी तुमच्या पाया पडले होते आत्या. एकोणीस वर्षांची होते.

दाढ चार दिवसांत थांबली. मिश्री थांबली नाही.

पल्लवी जन्मली तेव्हा एवढीशी होती. दोन ओंजळींत मावली असती. तुम्ही म्हणालात, "बारकी हाय, पण चिवट हाय." मागे एकदा तोंड तपासणाऱ्या डॉक्टरीणबाईंना सहज सांगितलं, तर त्यांनी विचारलं, "तेव्हा मिश्री लावत होता का?" मी मान हलवली. "बाळ लहान व्हायचं तेही एक कारण असतं," त्या म्हणाल्या. मला त्या दिवशी घरी येऊन पल्लवीच्या तोंडाकडे बघवेना. ती म्हणाली, "काय झालं गं आई?" काय सांगू तिला?

तुम्हाला दोष देते आहे असं वाटतं का? थोडा देते आहे. पण माझाही ऐका.

माझ्या भाकरीला तुम्ही अठरा वर्षांत कधी चांगलं म्हणाला नाहीत. पापुद्रा सुटला नाही, कड जाड झाली, काहीतरी निघायचंच. पण मिश्री! अंगणात तीन दगड मांडून मी जुना तवा ठेवायचे, पानं चुरून टाकायचे, काळी होईस्तोवर हलवत राहायचे. गल्लीभर ठसका उठायचा. मग कुटायची, फडक्याने गाळायची. तुम्ही बोटावर घेऊन दाताला लावायचात, डोळे मिटायचात आणि ओट्यावरच्या सगळ्या बायांना ऐकू जाईल असं म्हणायचात, "थोरलीच्या हाताला गुण हाय गं!"

त्या एका वाक्यासाठी मी तवा तापवत राहिले. आता कोणी विचारलं, सासूबाईंना काय झालं होतं, तर सांगते, तोंडाचा कॅन्सर. त्यापुढचं सांगत नाही. त्यापुढचं असं की ती मिश्री मी भाजत होते.

आणि आशाताई आली होती तो दिवस? गावातलीच पोर, पण काखेत रजिस्टर घेऊन सरकारी आवाजात विचारत होती. "घरात तंबाखू कोण खातं?" तुम्ही तिच्यावर डाफरलात. "तंबाखू? आमी काय गडीमाणसं हाव व्हय?" तिने माझ्याकडे बघितलं. मीही म्हणाले, "आमच्यात कुणी खात न्हाय." तेव्हा तुमच्या बोटाला मिश्री होती. माझ्याही! ती बिचारी फुली मारून पुढच्या घरी गेली.

गंमत बघा, आपण खोटं बोलत नव्हतो. आपल्याला खरंच तसं वाटत होतं. तंबाखू म्हणजे गड्यांनी तळहातावर चुना लावून मळायची ती. आपण तर दात घासत होतो! तंबाखूच्या पानांचा पुडा दुकानातून मीच आणत होते, तरीही मला तसं वाटत होतं. एवढी आंधळी मी कशी होते?

मग तुमच्या गालात आतून फोड आला. "दाढ टोचती," म्हणालात. त्यावर काय केलंत? मिश्री दाबून धरलीत! लावली की जागा बधिर व्हायची, दुखणं थांबायचं, तुम्हाला वाटायचं औषध लागू पडलं. थोड्या दिवसांनी म्हणालात, "जरा करपव गं. कडक पायजे." मी करपवली. माझ्याच हाताने, अजून काळी.

"दाखवून येऊ," म्हटलं की "सोयाबीन निगू दे." सोयाबीन निघालं. "ज्वारी पेरून हू दे." ज्वारी पेरून झाली, उगवली, गुडघ्याला लागली.

आणि मार्गशीर्षातली अमावास्या, येळवस आली. रानात कडब्याची खोप केली, पाच दगडांचे पांडव मांडले, सगळं गणगोत जेवायला बसलं. हिरव्या शेंगा-पालेभाज्यांच्या भज्जीला तुम्ही दुसऱ्या कोणाचा हात लागू द्यायचा नाहीत, त्या वर्षीही दिला नाहीत. सगळ्यांना वाढलंत. मग तुम्ही बसलात, घास तोंडाशी नेला, आणि तोंड उघडेना. आंबिलीचा घोट घेतलात, तर ती आंबट आंबील झोंबली. पदर तोंडाला लावून तुम्ही ज्वारीत निघून गेलात. बाकीच्यांना वाटलं, आडोशाला गेल्या असतील. मी मागे आले.

तुम्ही धांड्यांत बसून मिश्री लावत होता.

"म्या बरी हाय," म्हणालात. "कुणाला सांगू नगंस."

मी नाही सांगितलं. का नाही सांगितलं, आत्या? सुनेने सासूचं ऐकावं म्हणून? तुम्ही रागवाल म्हणून? संक्रांत होऊन गेली तरी मी गप्प होते. शेवटी तुमच्या गालाला बाहेरून भोक पडायची वेळ आली तेव्हा तुमच्या लेकाला कळलं. त्या दिवशी पहिल्यांदा मी त्यांना रडताना बघितलं.

बार्शीच्या दवाखान्यातलं काही फार लिहीत नाही. अर्धा जबडा काढला होता, तुम्हाला बोलता येत नव्हतं. नळीतून पातळ जात होतं. आणि तुम्ही माझ्याकडे बघून उजव्या हाताचं बोट दातांवरून फिरवून दाखवायचात. दे. मी मान हलवून नाही म्हणायचे, तुम्ही पाठ करायचात. शेजारच्या खाटेवरच्या बाईचाही जबडा काढलेला होता. ती आपल्या दोघींकडे बघून डोळे मिटून घ्यायची. शेवटचे दोन दिवस तुम्ही माझ्याकडे बघितलं नाहीत. तुमचा राग आला होता मला तेव्हा, आणि अजून येतो! मरताना एकदा तरी माझ्याकडे बघायचं होतंत.

दहाव्याला नदीवर पिंड ठेवला. भात, भजी, जिलेबी आणि मी भाजलेल्या मिश्रीची डबी. तासभर कावळा येईना. वन्सं हात जोडून रडायला लागल्या, "आई, तुजी मिश्री ठिवलीया, यी की गं." शेवटी एक आला. त्याचा पंख लागून डबी कलंडली. त्याने तिकडे ढुंकूनही बघितलं नाही, जिलेबीचा तुकडा उचलला आणि पसार! सगळे म्हणाले, "शिवला, शिवला! मिश्री बगून आली माउली!" मला हसू आलं. पदराआड हसत होते, आणि बाया माझ्या पाठीवरून हात फिरवत होत्या. कावळ्याला जेवढी अक्कल, तेवढी आपल्याला नव्हती.

आणि घरी येऊन मी काय केलं? डबीत राहिलेली मिश्री लावली. तुमच्या दहाव्याच्या दिवशी. हे आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

श्रावण सरता सरता शाळेत तपासणीचं शिबिर लागलं. पल्लवीने माझा हात धरला. "आजीनं लपवलं. तू लपवू नगंस." मी डॉक्टरीणबाईंपुढे बसले, तोंड उघडलं. त्यांनी बॅटरी आत मारली, गाल ओढून बघितला, आणि आरसा माझ्या हातात दिला. आत पांढरा चट्टा. तुमचा होता त्याच बाजूला.

"अजून आपल्या हातात आहे," त्या म्हणाल्या. "पण मिश्री आजपासून बंद."

"कमी करते," मी म्हटलं.

"कमी नाही. बंद."

आत्या, सोपं नव्हतं हो! डोकं ठणकायचं. भांडी आदळायचे. तुमच्या लेकाला विनाकारण टाकून बोलायचे. सकाळी पोट साफ होईना, ती एक वेगळीच कटकट. ओट्यावर बसायला जाणं बंद केलं, कारण तिथे बसलं की डब्या उघडतात. मग "संगीता लई शानी झाली" म्हणून टोमणे. होऊ दे शहाणी! ओवा चघळला, बडीशेप चघळली, एकदा तर रागाने कडुनिंबाची काडी चावून चावून तिचा चोथा केला. आठ महिने झाले. मागच्या खेपेला बाईंनी बघितलं आणि म्हणाल्या, चट्टा फिका पडला आहे. मी येताना एसटीत रडले.

आणि आता, या आठ महिन्यांवर, मी परत तवा मांडून मिश्री भाजू? तुमचा आत्मा शांत व्हावा म्हणून? मला माहीत आहे माझं. एक धग नाकात गेली की बोट आपोआप तव्याकडे जाईल. तुम्हाला शांत करायला मी माझ्या पोरीची आई नाही देणार!

तुमचा जीव त्या डबीत अडकला असेल तर अडकू दे. बसा अडकून! इथे ओट्यावर सकाळी सकाळी पोरीबाळींच्या हातावर चिमूट ठेवली जाते, "दाढ दुखायली व्हय?" म्हणून. आशाताई आता आली की मी तिच्याबरोबर घरोघर जाते. "तंबाखू" असं विचारू नको, "मिश्री लावता का" असं विचार, हे मीच शिकवलं तिला. मागच्या आठवड्यात कोपऱ्यावरच्या नव्या सुनेच्या हातातली चिमूट मी फुंकर मारून उडवली. तिची सासू अजून माझ्याशी बोलत नाही.

तुमच्या पानावर काय वाढणार ते ऐका. त्या शेवटच्या वर्षात मिश्रीने तुमच्या तोंडातून जे जे काढून घेतलं, ते सगळं. कडक भाकरी. हिरव्या मिरचीचा ठेचा, पाट्यावर वाटलेला. भाजलेल्या शेंगा. लिंबाचं लोणचं. आंबील, चांगली आंबट. हा हंगाम नाही, तरी जमेल तशी भज्जी. तोंड भरून खा. झोंबलं तर सांगा मला.

मधेच उठावं लागलं. आता पुढचं लिहिते.

ऊन उतरलं तशा वन्सं बाहेर आल्या. "च्या टाक," म्हणाल्या. मी टाकला. उंबऱ्यावर बसून बशीत ओतून त्या फुंकत राहिल्या, पण पिईनात. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मिश्रीनंच मेली म्हणतीस व्हय माजी आई?"

"व्हय वन्सं."

"मग माजं गं?"

मी चहाचं भांडं खाली ठेवलं.

"मी परकर नेसत हुते तवापासनं हाय मला. आईनंच लावली. तुजी अठरा वर्सं, माजी तर लई झाली." त्यांनी बशी खाली ठेवली. "मिश्रीनं नसंल गं झालं. दुसरं काय तरी आसंल. न्हाय का?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला आत्या. ती डबी तुमच्यासाठी नव्हतीच. मिश्री तुमच्या पानावर आली असती, म्हणजे ती निर्दोष ठरली असती. आणि वन्सं सुटल्या असत्या.

मी विचारलं, "तिकट खाता का वन्सं आता?"

"मला पैल्यापासनंच तिकट सोसत न्हाय."

खोटं! तुमच्या घरी माहेरपणाला आल्या की भाकरीबरोबर कच्च्या मिरच्या कराकरा चावायच्या, मी माझ्या डोळ्यांनी बघितलं आहे. मी त्यांच्या पुढ्यात बसले. डॉक्टरीणबाईंनी दाखवलं होतं तसं सांगितलं, तीन बोटं एकावर एक उभी धरायची आणि दातांच्या मधे घालायची. तिन्ही बसली पाहिजेत. माझी घालून दाखवली. वन्सं हसल्या, "काय पोरखेळ," म्हणाल्या, आणि त्यांनी घातली. दोन गेली. तिसरं जाईना. परत घातली. परत दोनच.

"माजं तोंडच बारीक हाय," त्या म्हणाल्या. आणि त्यांनी माझा हात धरला, एवढा घट्ट की बांगडी रुतली.

उद्या गुरुवार. धाराशिवच्या सरकारी दवाखान्यात तोंड तपासणाऱ्या बाई गुरुवारीच बसतात. मी म्हटलं, "उद्या जाऊ." वन्सं उसळल्या. "उद्या? उद्या आईचं सराद! कुरडया-पापड हू दे, मिरगाची पेरणी हू दे, मग बगू." अगदी तुमचा आवाज, आत्या. उद्या संध्याकाळी त्या येडशीला परत गेल्या की मग कशाच्या हाती लागतात?

तुमचे चिरंजीव गोठ्यातून कधी येऊन उभे राहिले होते, कळलंच नाही. पहिल्यांदा दोघींच्या मधे पडले. बहिणीला म्हणाले, "आक्का, जा हिच्यासंगं. सैपाक म्या अन् पल्लवी करतो." त्यांना साधं वरण येत नाही. उद्या तुमच्या पानावर काय पडेल देव जाणे. मी वर यादी लिहिली आहे, त्यातलं निम्मं आलं तरी गोड मानून घ्या.

भावकी बोलेल. श्राद्धाच्या दिवशी सून आणि लेक दोघीही घरात नाहीत म्हणून गावभर होईल. होऊ दे! तुम्हीही रागवाल. रागवा. तुमचं एकदा ऐकून गप्प बसले, त्याचं काय झालं ते दोघींनाही माहीत आहे.

आता शब्द देते तो ऐका. वन्संच्या तोंडात काय निघेल, मला माहीत नाही. लिहिताना भीती वाटते आहे. पण काहीही निघालं तरी तुमच्या लेकीचं मी लपवू देणार नाही. तिने "कुणाला सांगू नगंस" म्हटलं तर सगळ्यांना सांगेन. शिव्या दिल्या तर खाईन. दर तपासणीला हात धरून नेईन, पेरणी असो, सुगी असो, कोणाचं लग्न असो. तिची डबी मी आत्ताच मागून घेतली आहे. दिली तिने. रडत दिली, पण दिली.

उद्या पहिल्या गाडीने जातो. नंबर लागला तर दुपारी येऊ, नाही तर तिन्हीसांजा होतील. आल्यावर तुमचं पान वन्संच्याच हाताने वाढायला लावते. भूक लागली तरी तोवर थांबा, आत्या.

तुमचं न ऐकणारी,
तुमची थोरली सून
संगीता